मामाचं सात ओंजळी मीठ

माझ्या मामाने मिठाचा जितका विचार केला, तितका समुद्रानेही केला नसेल. अडाण नदीच्या काठी आमच्या गावचं काळ्या दगडाचं महादेवाचं जुनं देऊळ आहे. शिवरात्रीचा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी तिथे यात्रा भरते आणि आजूबाजूची गावं वांग्याची भाजी नि पोळी जेवून जातात. वांगी मामाच्या मळ्यातली आणि भाजीही त्याच्याच हातची. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, हा नियम सगळीकडेच असतो. मामाने तो वासापर्यंत नेला होता. "नाकानं खाल्लं त बी उष्टंच झालं ना!" म्हणत तो नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून कढईशी उभा राही. नवख्या माणसाला हा स्वयंपाकाला आलाय की दरोड्याला, हे कळत नसे. मिठाचं माप म्हणजे त्याची ओंजळ. एका कढईला सात. आणि देव जेवला तसंच आपण जेवायचं, म्हणून पंगतीत वरून मीठ मागायची सोय नव्हती.

एरवी मात्र तो जगाची परीक्षा मिठावरच करी. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि न पाहिलेल्या आचाऱ्याबद्दल सांगायचा, "याच्या घरी भांडण होऊन राह्यलं." माझ्यासाठी वाशीमला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्याने तिला एकही प्रश्न विचारला नाही. दोन बशा पोहे खाल्ले आणि परतताना ऑटोत निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. हात बेताचा हाय तिचा." पोहे तिच्या काकूने केले होते, हे लग्नानंतर उघड झालं. मामा जराही डगमगला नाही. "मंग काकू बी चांगली हाय," म्हणाला.

मागच्या यात्रेत कढईत पाच ओंजळी पडल्या असताना कोणीतरी त्याला रामराम घातला. मामाने रामराम परत केला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिल्या घासालाच सगळ्यांचे हात पाण्याच्या गिलासाकडे गेले. पण तोंडातून शब्द कोणी काढला नाही. मामा नेहमीसारखा शेवटी जेवायला बसला. एक घास खाऊन थांबला.

"काहून सांगतलं नाही रे कोनी मले?"

पोळ्या लाटणारी बेबीमावशी परातीवरून हातही न उचलता म्हणाली, "देवानं सांगतलं का? मंग आमी कायले सांगाव?"

सगळे हसले. मामा हसला नाही. ती खारट कढई त्याच्या मनातून कधी उतरलीच नाही. भेटलो की म्हणायचा, "एक साल पाह्यजे मले, बापू. फक्त एक. नीट टाकून दाखवतो." मळ्यात वांग्याची रोपंही त्याने यात्रेचा हिशेब धरूनच लावली. झाडांना फुलं आली त्याच आठवड्यात तो गेला.

यंदा वांगी त्याचीच होती. कढई उकळू लागली तशी सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मी त्याचाच दुपट्टा नाकातोंडाला बांधला. कोणी रामराम घालू नये म्हणून खाली मान घालून, मोठ्याने मोजत, सात ओंजळी टाकल्या. एकही चुकली नाही.

भाजी अळणी झाली. पंगत मुकाट्याने जेवली. मला काही समजेना. सातच तर टाकल्या होत्या.

बेबीमावशीने माझे दोन्ही हात धरून ओंजळ करून पाहिली. आयुष्यभर पुस्तकांची पानं उलटणारे हात ते. मळा खणून रुंद झालेले नव्हते.

"सात त त्याच्या होत्या, बाप्पा," ती म्हणाली. "तुया हाताच्या नऊ लागतीन. पुढच्या साली ध्यानात ठेवजो."

मामाला हवं होतं ते एक साल, असं माझ्या पदरात पडलं.