शीतलताईचा तारा आणि पूर्णेचं स्थळ

आमच्या घरात काही घडलं की ते जिरत नाही. मेंढरं कोंडताना, पिंगळी स्टेशनवर गाडीची वाट बघताना पुन्हा पुन्हा सांगितलं जातं आणि दर खेपेला थोडं वाढतं. यंदा तर शीतलताई सुट्टीला आली होती!

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. मोठमोठ्या डिशींनी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. एक तारा फुटला आणि त्याचं कवच फुगत चाललंय, त्यावर तिचं काम. त्यासाठी तिला दोन वर्षं परदेशात जायचं होतं. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, इथून जवळच्याच पूर्णा गावचं स्थळ बघून ठेवलं होतं.

तारा मेला हे ऐकून काकू, म्हणजे ताईची आई, गंभीर झाली.

"कवा गेला?"

"कोट्यवधी वर्षं झाली, आई."

"मंग सुतक न्हाई. निसती अंघोळ केली तरी भागतंय!"

वर्षभराच्या अंतराने टिपलेली कवचाची दोन चित्रं ताईने दाखवली. काकूने भाकरी थापता थापता बघितली.

"वर्सात एवढंच फुगलं? जाळ कमी पडला बग!"

शेजारच्या बाळूला ताईने सांगितलं, आमच्या डिशींजवळ पेट्रोलची गाडी नेत नाहीत, प्लगच्या ठिणगीने लहरींत गडबड होते. तेव्हापासून बाळू आमच्या घरापुढून मोटारसायकल बंद करून ढकलत न्यायला लागला. ताई म्हणाली, "अरे, डिशी इथून लय लांब आहेत!"

"तारा त्याहून लांब हाय ना? तरी ऐकू यायलाय. माझी गाडी तर हितंच हाय की, ताई!"

ताईला भाषण द्यायचं होतं. सरावाला तिने मला समोर बसवलं. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यात चारचौघांत तोंड उघडत नाही. तासभर मान डोलावली.

"समजलं?"

"हो."

"काय समजलं?"

"तुला समजलंय, हे समजलं."

मग पूर्णेचे पाहुणे आले. चहा झाला. मुलाच्या मामांनी ताईचं काम विचारलं, तिने लॅपटॉप उघडला. मामा खुशीत म्हणाले, "त्यात काय! आमच्या गच्चीवर एक डिश बसवून देऊ. लग्नानंतर घरूनच करा!"

"एका डिशीने हा असा नुसता ठिपका दिसतो, मामा," ताई हळूच म्हणाली. "देशोदेशीच्या डिशी एकाच वेळी त्या ताऱ्याकडे वळवाव्या लागतात. मग हे असं कडं दिसतं."

आप्पा पुढे सरकले. ठिपका बघितला, कडं बघितलं.

"कितीक लांब पायजेत त्या डिशी?"

"एकमेकींपासून जेवढ्या लांब तेवढं बारीकसारीक दिसतं, आप्पा. समुद्रापार असल्या तर लय चांगलं."

काकूचा पदर तोंडाशी गेला. आप्पांनी पटका सारखा केला आणि मामांना हात जोडले.

"पाव्हणं, राग मानू नका. पूर्णा लय जवळ पडतंय!"