कावळ्याला दिलेला शब्द

माझा मंडप डेकोरेटरचा धंदा आहे. गोडाऊनमध्ये सुतळ्या, झालरी आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग कसा होतो, ते मला आजवर कळलेलं नाही. आपण ठेवत नाही, ते आपोआप साठतं. किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही कर्जत-खालापूरकडचे पाचजण मार्चअखेर इजिप्त बघून आलो. फोटो मोबाईलमध्ये पडून आहेत, पण किस्से मात्र भिसेगावच्या नाक्यावर रोज कोणी ना कोणी मागून घेतं. पिरॅमिड किती उंच आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही!

आधी आम्ही गेलोच का, ते सांगतो.

माझा शेजारी नाना एसटीत कंडक्टर होता. कर्जत-मुरबाड गाडीवर त्याचं आयुष्य गेलं. माणूस नियमाचा पक्का. एकदा त्याची बायको, म्हणजे आमची कुसुमवहिनी, माहेरून परत येताना कशेळ्याला नेमकी त्याच्याच गाडीत चढली. पास घरी राहिलेला. नाना खाकी शर्टात, पंच टकटकवत तिच्यापर्यंत आला आणि हात पुढे करून म्हणाला, "तिकीट?"

"अवं, मी हाय!"

"ते दिसतंय. उतरनार कुठं?"

अख्खी गाडी हसली. वहिनीने तिकीट काढलं, आणि मग आठवडाभर ती नानाशी बोलली नाही. हा किस्सा नाना स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि वहिनी आत भांडी आपटायची.

नानाला वेड एकच, पिरॅमिडचं. सिमेंटच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरवर पिरॅमिडचं चित्र होतं. वर्ष संपलं, पण कॅलेंडर काही भिंतीवरून उतरलं नाही. "रिटायर झालो की हिला घिऊन जानार," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. रिटायर झाला, मग गुडघे दुखायला लागले, आणि गेल्या वर्षी तो एकाएकी गेला. फार वाईट वाटलं हो. चांगला माणूस होता.

*

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर भरपूर, पण खाली एक येईना.

मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला नीट सांभाळीन." कावळे ढिम्म. जावई म्हणाला, "घराचं राहिलेलं काम पुरं करू." ढिम्म. भाऊ म्हणाला, "बांधाचा वाद सोडला मी." एका कावळ्याने तर चक्क पाठ फिरवली!

ऊन चढलं. आमच्यात बाळूशेठ होता. खालापूरकडचा भातशेतीवाला, नानाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला शुगर. भुकेने त्याचे हातपाय कापायला लागले. शेवटी तो तरातरा पुढे झाला आणि ओरडला, "अरं नाना, खा ना बाबा! तुज्या बायकोला पिरॅमिड दाखवून आनतो मी, सोत्ता!"

तोंडातून शब्द निघायची खोटी, कावळा झपकन खाली! एक नाही, तीन!

"शिवला, शिवला" करत सगळे उठले. बाळूशेठ मात्र मटकन खाली बसला. मी म्हटलं, "काय झालं रे? चक्कर आली?"

तो म्हणाला, "लोनावळा बोललो असतो तरी चाललं असतं रं!"

*

कावळ्याला दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. त्यामुळे बाळूशेठने टूर बुक केली. वहिनी, मी, माझी बायको सुनंदा आणि खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर तात्या, असे आम्ही तयार झालो. बाळूशेठची बायको विमानाला घाबरते, ती आली नाही. खरं तर वहिनीलाही फार हौस नव्हती. "माजं काय नाय भावजी," ती म्हणाली. "शब्द तुमी दिला, तुमीच फेडा." पण सामान तिचंच सगळ्यात जास्त होतं.

कैरोच्या विमानतळावर तिची बॅग बाजूला काढली. अधिकाऱ्याने आतून एक डबा बाहेर काढला. सुका जवळा! झाकण उघडलं मात्र, मागच्या रांगेतली दोन गोरी माणसं आपणहून दुसऱ्या रांगेत गेली. आमचे चेहरे पडले. अधिकारी डबा नाकाशी नेऊन बराच वेळ उभा राहिला. मग त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली. त्यानेही वास घेतला. मग दोघं काहीतरी बोलले आणि एकदम हसायला लागले. नंतर आमच्या गाइडने सांगितलं की त्यांच्याकडे सणाला असाच कडक वासाचा खारवलेला मासा खातात, आणि दोघांना घरची आठवण आली.

वहिनीला ते काही माहीत नव्हतं. तिने दोघांच्या हातावर एकेक मूठ जवळा ठेवला आणि म्हणाली, "कच्चा नको रं खाऊ. भाजून घे जरा."

त्या विमानतळावर आमच्या बाकीच्या बॅगा कोणी उघडल्या नाहीत.

*

गाइडचं नाव महमूद. पर्यटकांकडून शिकलेलं हिंदी बोलायचा आणि वहिनीसकट सगळ्यांना "भाईसाब" म्हणायचा. बाळूशेठने त्याला पहिला प्रश्न विचारला, "पिरॅमिड कब?"

"लास्ट डे, भाईसाब. पहले अस्वान, फिर लक्झर, फिर पिरॅमिड."

बाळूशेठचा चेहरा उतरला. "आनि मदीच कायतरी इस्कटलं तर?"

त्यात पंचाईत अशी की इजिप्तमध्येही कावळे आहेत! आपल्याकडच्यापेक्षा थोडे थोराड, अंगाने राखाडी, डोकं काळं. दिसला कावळा की बाळूशेठ हात जोडायचा आणि हळूच म्हणायचा, "ध्यानात हाय, ध्यानात हाय. लास्ट डे."

दोन दिवसांनी महमूदने मला बाजूला घेऊन विचारलं, "ये भाईसाब का कौवे से क्या झगडा है?"

*

अस्वानला दगडाच्या खाणीत एक भलामोठा खांब आडवा पडलेला आहे. चार बाजूंनी कोरलेला, पण खालून अजून डोंगरालाच चिकटलेला. महमूदने सांगितलं की कोरता कोरता तडा गेला, म्हणून तसाच सोडून दिला.

तोवर तात्या सगळीकडे तोंड पाडून फिरत होते. जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला, क्रेनशिवाय एवढाले दगड उचलले हे ऐकवत नव्हतं. तो तडा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका! ते तड्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "शिफ्ट बदलताना झालंय हे. मंग पयल्या शिफ्टनं दुसरीवर ढकललं आसंल."

महमूद म्हणाला, "हजारों साल पुराना है, भाईसाब."

"आसू दे. सुपरवायझर तवा पन जेवायलाच गेला आसंल."

अख्ख्या टूरमध्ये तात्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला तो एवढाच. कारखान्याच्या जुन्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रिजेक्ट माल सगळीकडे असतो."

*

माझीही फजिती सांगायला हवी, नाहीतर सुनंदा सांगेल.

लक्झरच्या कर्नाक मंदिरात खांबांचं जंगल आहे. खांब म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मी एका खांबाला मिठी मारून घेर मोजायला गेलो, तर माझे दोन्ही हात मिळून चतकोरही झाला नाही. मग मी वर बघत हिशोब मांडला. इथून तिथे कापड, मध्ये झुंबर, कडेला झालर. एवढं काम अंगावर घ्यायचं तर कल्याणपासून पनवेलपर्यंतचे सगळे डेकोरेटर एकत्र करावे लागतील.

"काय मंडप घातलाय गं!" मी म्हटलं. "अजून उभा आहे!"

सुनंदा म्हणाली, "शिका काहीतरी. तुम्ही लोकांची जेवणं उरकायच्या आत खुर्च्या ओढता."

*

तिथून आम्हाला एका दुकानात नेलं. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाचा कागद. त्यावर जुनी चित्रं काढून विकतात. दुकानातल्या मुलीने एक चित्र दाखवून समजावलं. माणूस मेला की त्याचं काळीज तराजूत ठेवतात, दुसऱ्या पारड्यात एक पीस. काळीज जड निघालं तर शेजारी बसलेला मगरीच्या तोंडाचा प्राणी ते खाऊन टाकतो. पापपुण्याचा हिशोब तिथेच मिटला.

सगळे गंभीर झाले. वहिनीने हात जोडले. बाळूशेठ मात्र चष्मा वर करून चित्राच्या अगदी जवळ गेला. तराजूजवळ कोल्ह्याच्या तोंडाचा देव बसला होता आणि त्याचा हात काट्याला लागलेला होता!

"हात बग त्याचा! हात बग!" बाळूशेठ ओरडला. "आमचा भाताचा व्यापारी पन आसाच अंगठा लावतो!"

मुलगी गोंधळली. म्हणाली, तो काटा स्थिर करतोय.

"तो पन ह्येच सांगतो!" बाळूशेठ म्हणाला, आणि ते चित्र विकत घेतलं. आता ते त्याच्या घरी भाताच्या कणगीवर लावलंय. व्यापारी आला की त्याला तिथेच बसवतात.

*

कैरोला परतल्यावर राजांच्या ममी पाहिल्या. काचेच्या पेटीत काळा पडलेला, वाळलेला माणूस, पण नखं आणि केस अजून जागच्या जागी. वहिनीने झटकन पदर डोक्यावर घेतला. मयताच्या घरी गेल्यासारखी ती भिंतीकडेला उभी राहिली आणि हळू आवाजात महमूदला विचारायला लागली. मी मध्ये हिंदी करत होतो.

"ह्यांच्याबरूबर सामान काय दिलेलं?"

"सब कुछ. पलंग, चप्पल, रथ, खाना, दारू."

"आनि कावळा?"

कावळ्याची सगळी पद्धत मी समजावली. महमूदने मान हलवली. कावळा नाही.

वहिनीने पदर सावरून त्या राजाकडे पाहिलं. मग म्हणाली, "येवडं सगळं दिलं बिचाऱ्याला. काय राह्यलंय, त्ये कुनी इचारलंच नाय."

बाळूशेठने तिथल्या तिथे महमूदचा दंड धरला. "उद्या पिरॅमिड नक्की ना?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोरचा रस्ताच गायब! वाळवंटातला वारा सुटला होता आणि सगळीकडे पिवळी धूळ. संध्याकाळी आमचं परतीचं विमान. महमूद म्हणाला, "भाईसाब, आज कुछ नहीं दिखेगा. शॉपिंग करो."

बाळूशेठ दारातच आडवा झाला. "शॉपिंग गेली खड्ड्यात! मी शब्द दिलाय!"

"किसको?"

"कौवे को!"

महमूदने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि मुकाट्याने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

गिझाला पोचलो. तोंडाला रुमाल बांधून उतरलो. पिरॅमिड राहू द्या, पुढे चालणारे तात्या दिसत नव्हते! महमूद आम्हाला एकमेकांचे हात धरायला लावून घेऊन गेला. शेवटी हाताला दगड लागला. वहिनीच्या खांद्याएवढा उंच एकच दगड, त्याच्यावर दुसरा, आणि त्याच्यावर धूळ.

"ये पिरॅमिड," महमूद म्हणाला.

बाळूशेठ रडवेला झाला. "वैनी, ह्ये काय खरं नाय. दिसलंच नाय तर शब्द कसला फिटतोय? मी पुन्यांदा आनीन तुमाला, पन..." आणि तो धुळीकडेच हात जोडून ओरडला, "नाना, बग रं काय तरी!"

आम्ही तसेच उभे राहिलो. विमानाची वेळ जवळ येत होती, महमूद सारखा घड्याळ बघत होता. वहिनी दगडाला टेकून उभी राहिली.

मग वारा पडला. एकदम नाही, हळूहळू. आधी चौथा-पाचवा दगड दिसला, मग त्याच्या वरचे, मग आणखी वर, आणि मान मागे टाकता टाकता माझी टोपी पडली. अगदी कॅलेंडरवरच्यासारखा! वहिनी डोळ्यांवर हात धरून वर बघत होती. बघतच राहिली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. नाना तिथे असायला हवा होता.

थोड्या वेळाने वहिनीने पिशवीतून हॉटेलची रोटी काढली, तिच्यावर डब्यातला उरलेला जवळा ठेवला आणि ती दगडावर ठेवून दोन पावलं मागे सरकली. बाळूशेठने डोळे मिटून हात जोडले. तात्यांनी चप्पल काढली. महमूदनेही टोपी काढली, का ते त्यालाच ठाऊक.

या वेळी काही कबूल करावं लागलं नाही. वरच्या दगडावर एक कावळा आधीच येऊन बसला होता. धुळीने त्याचं सगळं अंग खाकी झालं होतं. तो टुणटुण उड्या मारत खाली आला, मान वाकडी करून आमच्याकडे एकेकाला पाहिलं आणि रोटीजवळ येऊन थांबला.

वहिनी पुढे झाली. पदर खोचला, हात लांब केला आणि म्हणाली,

"तिकीट?"