खंडेनवमीची मांडणी

नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं. तिथे लोखंड, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमचं काम चाले. इंग्रजी पत्रं आणि ड्रॉइंगवरच्या सूचना मराठीत उतरवून देणं माझ्याकडे असल्याने मी रोज दुपारी तिथे जात असे.

एका वर्षी कोकणातल्या जेटीसाठी पंपांच्या स्टेनलेसच्या चौकटी करायच्या होत्या. खाऱ्या हवेत गंज येता कामा नये, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं. समुद्रावरचं आमचं ते पहिलंच काम.

खंडेनवमीला हत्यारं पुसून पुजायची असतात. मांडणी मी केली. पाने, हातोडे, करवती लहानमोठ्या क्रमाने लावल्या. तारेचे ब्रश भिंतीवर कुठेकुठे टांगलेले होते, तेही काढून एका परातीत ओळीने ठेवले. मला ते फार नीटनेटकं वाटलं. दसऱ्यानंतर सगळ्यांनी त्या परातीतूनच ब्रश उचलले.

चौकटी झाल्यावर गंज धरतो का हे बघायला आजोबांनी पाणी मारून त्या तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबूस ठिपके दिसले. लोखंडाला वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि गंजतात. आजोबा थेट वेल्डिंगच्या मिस्त्रींकडे गेले.

"इतकी वर्षं काम करताय आणि लोखंडाचा ब्रश मारलात?"

"मी न्हाय मारला. माझा ब्रश येगळा असतोय की."

"मग देवीनं येऊन मारला काय?"

मिस्त्रींनी हातमोजे काढून बाकावर ठेवले. "उद्यापास्नं दुसरा मिस्त्री बघा, मालक."

मी टाइपरायटर सोडून उठले आणि ब्रश मी एकत्र केल्याचं सांगितलं. मिस्त्रींच्या बाकामागचे ब्रश फक्त स्टेनलेसचे आणि दाराजवळचे लोखंडाचे, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, "वैनी, तुमच्या सैपाकघरातलं डबं लावाय आमी कधी आलतो का?"

मागे दोघे कामगार हसले. आजोबा हसले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, माझं चुकलं. न विचारता बोललो."

 मिस्त्री मोजे चढवत म्हणाले, "ॲसिडची पेस्ट मागवा. सगळं सांधं परत धुवाय लागत्यात."

चौकटी आठ दिवस उशिरा जाणार होत्या. तसं कळवणारं पत्र मी त्याच दुपारी टाइप केलं आणि कारणही खरं तेच लिहिलं.