तिसऱ्या हाकेला

खरं सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई आहे. माझा विश्वास मल्टिमीटरवर. पण तीन महिने झाले, हे डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

मी गारखेड्यात राहते, चहा-कॉफीची व्हेंडिंग मशीनं दुरुस्त करते. काम शिकवलं करमाडच्या काकांनी. नात्यातले नव्हेत, पण काकाच. मशीन आणि पैसे घेणारा डबा एकमेकांशी कसे बोलतात, हे मुलखागणिक बदलतं. अमेरिकन पद्धतीत मशीन सारखी हाक मारतं – आहेस का? – आणि डब्यानं ओ द्यायची. युरोपातल्या जुन्या पद्धतीत उलटं, डबाच विचारणार. आपल्याकडचे स्वस्त क्यूआर डबे मात्र कुणाचं ऐकतच नाहीत. पैसे आले की नुसता विजेचा एक ठोका देतात. लोक तो डबा थेट अमेरिकन मशीनला जोडतात आणि मशीन बिघडलं म्हणून ओरडतात. काका मध्ये स्वतः बनवलेला छोटा बोर्ड बसवायचे. डब्याच्या वतीनं तो ओ द्यायचा.

त्यांचा एक हट्ट होता. "पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाय, पोरी. लाईट आत्ता आलेली असती, मशीनला जरा भानावर येऊ दे. तिसरीला द्यायची."

दुसरं कुणी असं करत नाही. मी त्यावरून त्यांना लई चिडवायचे.

उन्हाळ्यात काका गेले. हार्ट अटॅक, घरात एकटेच होते. त्या दुपारी त्यांचे मला दोन कॉल आले होते. मी जिन्यावरून मशीन उतरवत होते. तिसरा आला की उचलू, म्हटलं. तो आलाच नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नंतर शेंद्र्याच्या एका कारखान्यातून फोन आला. कँटीनचं मशीन बंद, आज चालू झालं नाही तर भंगारात. काकांचा बोर्ड असलेलं ते शेवटचं मशीन. भर दुपारी उघडलं, तर बोर्ड जळून काळा पडलेला, आणि त्याचं ड्रॉइंग काकांनी कधी काढलंच नव्हतं. बोर्ड काढून पिशवीत ठेवला. मशीन काय विचारतंय ते तरी बघू, म्हणून तारेला क्लिप लावून लॅपटॉप जोडला आणि नोंद सुरू केली. माझी क्लिप फक्त ऐकते, बोलत नाही. बोर्ड होता ते तारेचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं.

स्विच दाबला. हाक. उत्तर नाही. हाक. उत्तर नाही. तिसरी हाक... आणि ओ.

क्लिप बदलली. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तिसरीलाच.

कँटीनवाले मामा जवळ आले. "काय झालं ताई, रडायलात का?"

मी उघड्या मशीनकडं बघून म्हटलं, "काका, मी फोन उचलायला पाहिजे होता."

मग परत चालू केलं. तीन हाका, दहा, वीस... कुणीच ओ दिली नाही.

ती नोंद लॅपटॉपमध्ये अजून आहे. एका जाणकार इंजिनिअरला दाखवली, तर म्हणाले, तारेत गडबड असेल. असेलही. पण गडबडीला तिसरी हाक कशी कळली, ते त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही कळलेलं नाही.

त्या नोंदीतली ओ बघूनच मी त्याच संध्याकाळी नवा बोर्ड बनवला. मशीन चालतंय. काकांचं सगळं तसंच ठेवलंय, एक गोष्ट सोडून. माझा बोर्ड पहिल्याच हाकेला ओ देतो.