पालक म्हणून जाऊबाई

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या डॉक्टरांनी गर्भाशयात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं, तेव्हा माझी थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटी पाटीवर अक्षरं गिरवत होती. त्यांचे वडील चिखल्याच्या खाणीत कामाला होते. आदल्या वर्षी काविळीने गेले. मी त्याच गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. परतीच्या एसटीत गाठीची भीती वाटलीच नाही. मी टेबलावरच गेले तर या दोघी कोणाच्या, एवढंच डोक्यात होतं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. एकोडीला मुलींचे सख्खे काका होते, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. धानाची शेती, भरलं घर. नवरा गेला तेव्हा सगळं त्यांनीच निभावलं. दरसाल तांदळाचं पोतं न मागता यायचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पण स्वतःच्या मुलीला त्यांनी चौथीनंतर घरी बसवलं होतं. ती तेरा वर्षांची झाली होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. माझ्या मुलींचंही तेच झालं असतं, तेही अगदी मायेने.

तुमसरला एक वयस्क वकील होते. ते म्हणाले, "वडील नाहीत, तेव्हा आईला मृत्युपत्रात पालक नेमता येतो. चुलत्याचं नाव टाकू ना?"

"नाही. चुलतीचं टाका."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बाई, ती त्याच घरात राहणार. मग फरक काय पडला?"

त्यांच्या मुलीची शाळा बंद झाली त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नव्हत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिला विचारलं का?"

"नाही."

"मग आधी विचारा. न विचारता कोणाच्या पदरात लेकरं टाकू नका."

मी एकोडीला गेले. रोवणीचे दिवस होते. जाऊबाई गुडघाभर चिखलात इतर बायांबरोबर रोपं लावत होत्या. मला पाहून बांधावर आल्या. मी सगळं सांगितलं. त्या हाताचा चिखल पुसत राहिल्या.

"तू काही मरून नाही राहिली," त्या म्हणाल्या.

"पण मेले तर, बाई?"

"तं मंग ह्यायले सांग. मले काहून विचारतेस? माह्या पोरीचं मले ठरवता नाही आलं. तुह्या पोरीचं मी काय ठरवीन?"

आणि त्या पुन्हा चिखलात उतरल्या. मी तशीच परत आले. मुलींना जेवायला वाढताना घास कोणाचा मोठा, कोणाचा लहान, याकडे उगाच बघत बसले.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊबाई उभ्या दिसल्या. साकोलीच्या बाजारापलीकडे एकटी कधी न गेलेली ही बाई भंडारा, तुमसर अशा गाड्या बदलत, लोकांना विचारत चिखल्यापर्यंत आली होती. बरोबर तिची मुलगी, हातात कपड्यांची पिशवी.

"लिव माहं नाव," त्या उभ्या-उभ्याच म्हणाल्या. "तुह्या पोरी मी पाहीन. त्यायच्या शाळेसाठी भांडीन. पन माह्या पोरीले आत्ताच शाळेत घाल. तू जित्ती हायेस तवरच. मराची वाट कायले पाहाची?"

"भाऊजींना सांगितलंत?"

"घरी गेल्यावर सांगीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमसरला गेलो. वकिलांनी त्यांना तोंडावर विचारलं, "तुमची मर्जी आहे ना?" डोक्यावरचा पदर सावरत त्या "हो" म्हणाल्या. दोन साक्षीदारांसमोर मी सही केली. तिथूनच त्या एकट्या एकोडीच्या वाटेला लागल्या. त्यांची मुलगी माझ्याकडे राहिली.

भासरे आले ते दोनेक दिवसांनी. घरात पाऊल टाकलं नाही, अंगणातच उभे राहिले. मी दाराआड.

"घरात मानसं असून वकिलाकडे कायले गेली? मी का पोरी वाऱ्यावर सोडनार होतो?"

भासऱ्यांना मी तोवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "नाही, भाऊजी. तुम्ही सांभाळलंच असतं. पण शिकवलं नसतं."

ते मुलीकडे वळून म्हणाले, "चाल."

तिने दाराची चौकट धरली. "मी नाही येत, बाबा."

ते पाणीही न पिता निघून गेले. मला वाटलं, आता त्या घराचं दार मला कायमचं बंद झालं.

पण ऑपरेशनच्या दिवशी ते नागपूरला हजर होते. मी बोलावलं नव्हतं. नातेवाईक म्हणून सही त्यांनीच केली, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले. गाठ साधी निघाली. ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

मृत्युपत्राची गरजच पडली नाही. माझ्या मुली माझ्याच हाताखाली वाढल्या. पुतणी वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मुलं चिडवायची. गणितात एकदा नापासही झाली. पण मॅट्रिक झाली आणि पुढे मास्तरीण झाली. तांदूळही येत राहिले. एकोडीच्या घरात मात्र भासऱ्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर मुलांच्या तोंडून. हे वर्षानुवर्षं चाललं.

माझ्या थोरलीच्या लग्नात जाऊबाई अक्षता निवडत बसल्या होत्या. मी जवळ बसून विचारलं, "बाई, तुम्हाला सोसवतं कसं?"

"पोरगी शिकली ना," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांची बोटं तांदळात फिरत राहिली. "पन घरात कोनी बोलाले नसलं, तं दिवस लय मोठा होते वं."

मी त्यांच्यासमोर बसून राहिले, आणि बाहेरून कोणीतरी नवरीच्या आईला हाका मारत होतं.