आपटे सरांची फाइल

आमच्या गॅरेजमध्ये आठवड्याला एक तरी किस्सा घडतो. बाकीचे मेकॅनिक चहाच्या टपरीवर सांगून मोकळे होतात. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून माझे साठत गेले. आता इतके झालेत की लिहूनच काढतो. तुम्हाला हसू येईल. मलाही कधीकधी येतं.

गॅरेज नाशिकच्या अंबडला. मालक विलासशेठ. माझं काम रिमॅपिंगचं. हल्लीच्या गाडीत इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे त्यातली फाइल ठरवते. मी ती फाइल लॅपटॉपवर काढून घेतो, तिच्यात बदल करतो आणि परत गाडीत लिहितो. नीट झालं तर गाडीला जोर येतो. चुकलं तर गाडी जागेवर मरते.

मी नववीत आश्रमशाळा सोडली. गाव पेठच्या पलीकडे, डोंगरातलं. हे काम मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. भंगारातून आणलेले अकरा कॉम्प्युटर माझ्या हातून जळाले. बारावा नाही जळला. तेव्हापासून एकही नाही.

*

पहिलाच कस्टमर गंगापूर रोडचा बिल्डर. नवी कोरी मोठी गाडी. मी लॅपटॉप घेऊन दार उघडलं तर म्हणाला, "शेठ, माझ्या गाडीला हा पोरगा हात लावणार?"

शेठ एक सेकंदही थांबले नाहीत. "छे हो! हा फक्त वायर जोडतो. फाइल पुण्याहून आपटे सर पाठवतात."

"आपटे? मग ठीक आहे!"

आपटे सर असे जन्माला आले. शेठच्या तोंडातून, उभ्या उभ्या.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "शेठ, आपटे सर कोण?"

शेठने खिशातून एक जुना मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "तू."

"शेठ, मला फोनवर बोलता येत नाही."

"तेच तर पाहिजे. मोठी माणसं कमीच बोलतात!"

*

मग नियमच झाला. कस्टमरला शंका आली की शेठ म्हणायचे, "सरांना विचारा ना." मी टूल्स आणायच्या निमित्ताने मागच्या स्टोअररूममध्ये जायचो, दार लावायचो आणि जुन्या टायरवर बसून आपटे व्हायचो. 'हाय' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'लय' नाही, 'फार'. शेठने दोन दिवस तालीम घेतली होती.

एकदा बोलणं चालू असताना बाहेर कोणीतरी ग्राइंडर लावला. कस्टमर म्हणाला, "सर, तुमच्याकडे पण ग्राइंडर चालू आहे वाटतं?"

मी टायरवरून उठलोच. पण आपटे सर शांत होते.

"हो," सर म्हणाले, "काम असतं आमच्याकडेही."

फोन ठेवून कस्टमर शेठला म्हणाला, "काय बिझी माणूस आहे हो!"

*

नाशिक रोडचे एक साहेब आले. सरकारी नोकरी, स्वभाव तोलूनमापून बोलायचा. मी गाडी आधी स्कॅनरला लावली. क्लच घसरत होता, टर्बोचा पाइप फुटलेला. अशा गाडीला जोर वाढवून द्यायचा म्हणजे आजारी माणसाला पळायला लावायचं. मी फक्त मूळ फाइल काढून ठेवली आणि शेठला सांगितलं, "आधी ही दोन कामं. मग लिहू."

शेठ फोनवर होते, त्यांनी नुसती मान हलवली. साहेबांना वाटलं झालं काम. किल्ली घेतली आणि त्र्यंबक रोडला चक्कर मारून आले. चेहरा फुललेला!

"अहाहा! सरांना सांगा, गाडी नाही, विमान झालंय! पिकअप बघा पिकअप!"

मी हळूच म्हणालो, "साहेब, अजून काही लिहिलंच नाही."

ते माझ्याकडे बघून मनापासून हसले. "तुला काय कळणार रे? तू वायर जोडतोस!"

*

एका पक्षाचा तरुण कार्यकर्ता. काचेवर नेत्याचा फोटो, मागे चार पोरं. त्याला गाडीतून काळा धूर हवा होता. "मिरवणुकीत मागच्याला काही दिसलं नाही पाहिजे!"

मी म्हणालो, "दादा, जास्तीचं डिझेल जळत नाही म्हणून धूर येतो. पिस्टन जाईल. आणि धूर अडवणारा फिल्टर काढणं कायद्यात बसत नाही."

"ए, कायदा कुणाला शिकवतो? कुठला रे तू?"

"पेठकडचा."

पोरं हसली. एक म्हणाला, "तिकडं बैलाला रिमॅप करतात का रे?"

सगळे हसले. आमचा वेल्डरपण हसला, हे मला जास्त लागलं.

मग त्याने सरांना फोन लावला. मी स्टोअररूममधून तेच सांगितलं. तेच पिस्टन, तोच फिल्टर, तोच कायदा. फक्त 'दादा'च्या जागी 'हे बघा' म्हणालो.

तो फोन ठेवून पोरांना म्हणाला, "नाही करायचं. सर म्हणाले पिस्टन जाईल. अनुभवाचे बोल आहेत!"

जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शिक जरा त्यांच्याकडून."

*

मी शेठला एकच गोष्ट मागितली होती. पगारवाढ नाही. माझं नाव. लोकांना सांगा की हे काम किसन भोये करतो. शेठ म्हणाले, "पन्नास गाड्या कर. एकही मरू देऊ नको. मग स्वतः सांगेन सगळ्यांना."

पन्नासावी गाडी झाली त्या दिवशी मी धुतलेला शर्ट घालून आलो होतो.

शेठ म्हणाले, "किसन्या, तुझंच नाव लावलं असतं रे. पण आता सरांचं नाव झालंय मार्केटमध्ये. मध्येच कसं बदलायचं? शंभर होऊ दे."

त्याच आठवड्यात नवा बोर्ड आला. 'आपटे सरांचे अधिकृत ट्यूनिंग सेंटर.' लावताना शिडी मी धरली होती.

आई गावाहून तांदूळ घेऊन आली होती. तिला वाचता येत नाही. बोर्डाकडे बघून म्हणाली, "इथं तुजा नाव कोठं हाय?"

मी पहिल्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

ती बोर्डाच्या जवळ गेली. म्हणाली, "चांगला मोठा लिवलाय."

*

शंभरावी गाडी पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची होती. दुपारी त्याच्या मुलीचा साखरपुडा, पाहुण्यांना आणायला हीच गाडी जाणार. मी आदल्या दिवशी या म्हणालो होतो. शेठ म्हणाले, "तासाचं काम आहे, होऊन जाईल."

मी सगळं नेमाने केलं. आधी मूळ फाइल काढून दोन ठिकाणी ठेवली. बॅटरीला चार्जर लावला, कारण फाइल लिहिताना करंट पडला तर कॉम्प्युटर अर्ध्यात मरतो. दिवे, एसी बंद. किल्लीला कोणी हात लावू नये म्हणून दारावर पुठ्ठा लटकवला. लिहायला सुरुवात केली. वीस टक्के, चाळीस, साठ.

शेठला वाटलं, मोठा कस्टमर आहे, गाडी धुऊन देऊ. पाण्याच्या पंपासाठी सॉकेट रिकामं नव्हतं. त्यांनी माझ्या चार्जरचा प्लग काढला.

बहात्तर टक्क्यांवर लॅपटॉप थांबला. गाडीच्या मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम गेले. किल्ली फिरवली. काही नाही.

शेठच्या हातात माझा प्लग होता. त्यांनी प्लगकडे पाहिलं, व्यापाऱ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर ओरडले, "काय केलंस रे किसन्या!"

मी त्यांच्या हातातून प्लग घेऊन परत लावला. चारचौघांत बोलणं जमत नाही. माझं नेहमीचंच.

व्यापारी लालबुंद. "शेठ, दुपारी पोरीचा साखरपुडा आहे माझ्या! या अडाण्याच्या हातात गाडी दिली तुम्ही? सरांना लावा फोन! आत्ताच्या आत्ता!"

मी पाना आणायला स्टोअररूममध्ये गेलो.

"घाबरू नका," सर म्हणाले. "मूळ फाइल आहे. कॉम्प्युटर गाडीतून काढून टेबलावर उघडायचा, त्याला थेट वायर जोडायच्या आणि ती फाइल परत लिहायची. त्या मुलालाच करू द्या. दुसऱ्या कोणीही जवळ जायचं नाही. शेठनेसुद्धा नाही. आणि चार्जरचा प्लग कोणी काढला, ते शेठला विचारा."

शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. तो शेठला सांगत होता, "सर म्हणतात होईल!"

दीड तास लागला. कव्हर चिकटवलेलं असतं, ते गरम हवेने सैल करत करत सोडवावं लागतं. घाई केली तर आतली पट्टी तुटते. व्यापारी माझ्या डोक्यावर उभा राहून घड्याळ बघत होता आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होता, "सरांनी सांगितलंय तसंच कर हां! स्वतःचं डोकं लावू नको!"

मूळ फाइल शंभर टक्के लिहून झाली. कॉम्प्युटर परत बसवला. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. व्यापाऱ्याने बोनेटला हात लावून नमस्कार केला. शेठने चहा मागवला. मला कोणी काही म्हणालं नाही. मी हत्यारं उचलून आत ठेवायला गेलो, तोच खिशातला जुना मोबाइल थरथरायला लागला.

मी दार लावलं आणि टायरवर बसलो.

"सर, देवासारखे धावून आलात!" व्यापारी बोलत होता. "इभ्रत वाचवली माझी. हे उपकार विसरणार नाही. पण सर, एक विनंती आहे. लहान तोंडी मोठा घास होतो. त्या पोराला ठेवू नका. तुमच्या नावाला बट्टा लावेल तो एक दिवस. आज तुम्ही होतात म्हणून निभावलं. काढून टाका त्याला. मला शब्द द्या."

बाहेर कपबश्यांचा आवाज येत होता. सरांनी क्षणभर विचार केला.

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "आत्ताच काढला."

दाराच्या फटीतून मी पाहिलं. व्यापारी हसत हसत शेठला काहीतरी सांगत होता, आणि शेठ बसायला खुर्ची शोधत होते.