सरदाराच्या बायकोला एकच ओळ

बाई पुस्तक उघडायच्या, त्याआधी पर्समधून खोडरबर काढायच्या.

वाचनालयाचं पुस्तक म्हटलं की त्यात आधीच्या वाचकांची पेन्सिल फिरलेली असतेच. तुम्हीही पाहिली असेल. समासात ‘वा!’, शेवटच्या कोऱ्या पानावर ‘टुकार’, आणि रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर ‘खून माळ्याने केला’. बाई काउंटरपाशी उभ्या राहून हे सगळं एकेक करून खोडायच्या, चुरा फुंकून उडवायच्या, आणि मगच पुस्तक पिशवीत टाकायच्या.

"लोकांचं उष्टं मी वाचत नाही," म्हणायच्या.

मुलुंडच्या त्या वाचनालयात मी संध्याकाळी बसायचो. दिवसभर भांडुपच्या एका कारखान्यात क्लार्की, सहाच्या पुढे इथे. जागा पिठाच्या गिरणीला लागून होती, त्यामुळे भिंतीकडच्या कपाटातल्या कादंबऱ्यांवर कायम बाजरीचा थर असायचा. बाई महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायच्या. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र साठ पोरांना पुरून उरेल असा. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, आमचे साठीतले मालकसुद्धा.

दर दोन दिवसांनी पुस्तक बदलायच्या. परत करताना एका वाक्यात निकाल आणि मग, "पुढचं दे."

एका गाजलेल्या प्रेमकथेवर: "दोघांनाही कामधंदा नाही. पुढचं दे."

एका आत्मचरित्रावर: "ह्याच्या हातून आयुष्यात एक चूक झाली नाही म्हणे. मग लिहिलं कशाला? पुढचं दे."

मागे रांगेत उभे असलेले हसायचे आणि त्याच पुस्तकासाठी थांबलेले गुपचूप दुसरं काढायचे. बाईंनी नापास केलेलं पुस्तक महिना महिना जागचं हलत नसे. मालक डोक्याला हात लावायचे, पण बाईंना बोलायची त्यांची छाती नव्हती. मला मात्र मजा वाटायची. दुसऱ्याच्या पुस्तकाची सालटी निघत असली की मजा वाटतेच.

मग माझं पुस्तक आलं.

टोपणनावाने आलं, म्हणून मालकांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. ‘भग्न चिलखत’ हे नाव. अद्भुतरम्य कादंबरी, तीनशे बारा पानं. दोन चंद्र असलेलं एक राज्य, तिथला एक शूर सरदार. शत्रूच्या वेढ्यात जिवाला घाबरून तो गडाचा दरवाजा आतून उघडून देतो. मग गाव त्याला थुंकून हाकलतं आणि तो सात वर्षं काळं चिलखत घालून आपल्या उडत्या घोड्यासह रानोमाळ भटकतो. अखेरीस घरी येतो. हे लिहायला मला चार वर्षं लागली होती, आणि आपण मराठीत काहीतरी नवीनच केलंय अशी माझी ठाम समजूत होती.

वाचनालय बंद करताना मी रोज त्याचं शेवटचं पान बघायचो. पहिला अभिप्राय आला: ‘चाळीस पानांनंतर झोप लागली.’ त्याखाली दुसऱ्या हाताने: ‘नशीबवान आहात. मला जागं राहून संपवावी लागली.’ मग: ‘घोडा चांगला आहे. त्याच्यावरच लिहायला हवं होतं.’ आणि एका सुबक, कॉलेजातल्या अक्षरात: ‘सरदार पहिल्याच पानावर मेला असता तर सर्वांचंच भलं झालं असतं.’

मला ते सहन होईना. एके दिवशी मी डाव्या हाताने त्याखाली लिहिलं: ‘अप्रतिम! संग्रही ठेवावी अशी.’

दुसऱ्याच दिवशी बाईंनी ती कादंबरी उचलली. सवयीप्रमाणे सगळे अभिप्राय खोडले. डाव्या हाताच्या ओळीपाशी थांबल्या, चष्मा वर केला.

"हे लेखकाच्या आईने लिहिलेलं दिसतंय," म्हणाल्या, आणि तेही खोडलं.

दोन दिवसांनी परत आल्या. ह्या खेपेस एका वाक्यात भागलं नाही.

"काय रे, हा दोन चंद्र म्हणतो. मग संकष्टीला कुठला चंद्र बघून जेवायचं? आणि सात वर्षं ते चिलखत अंगावर. आंघोळीचं काय? नदीकाठी रडतो, डोंगरावर रडतो, घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून रडतो. तो घोडा उडून कसा गेला नाही?"

रांग खो खो हसत होती. मीही हसलो. हसावं लागलं.

"पुढचं दे," बाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात बाई तापाने पडल्या. मालकांनी मला त्यांच्या घरी पुस्तक पोचवायला धाडलं. दोन खोल्यांचं घर. दार बाईंनी उघडलं, डोक्याला फडकं बांधलेलं. आत एक माणूस खुर्चीवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

"कोण आलंय?" त्याने वळून न बघता विचारलं. "गिरणीतलं कुणी आहे?"

"नाही हो, वाचनालयातला आहे. पुस्तक द्यायला आलाय," बाई म्हणाल्या. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात शाळा नव्हती.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, तुला माहीत नाही? त्यांचे मिस्टर माझा मेहुणा होता त्याच कापडगिरणीत कामाला होते. संपात सगळ्यांत पुढे. गेटवर भाषणं काय, घोषणा काय, लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. आणि वर्षभराने एका पहाटे ट्रकमध्ये ताडपत्रीखाली बसून मागच्या दाराने आत कामावर गेले. चाळीतल्यांनी दारात बांगड्या आणून ठेवल्या. गिरणीनेही सहा महिन्यांत काढलं. मग लालबाग सोडून बाईंनी त्यांना इथे आणलं. आता जिनासुद्धा उतरत नाहीत."

माझ्याच सरदाराची गोष्ट होती ती, चिलखताऐवजी ताडपत्री. लेखकाला खरं तर इथे शहारा यायला हवा. मी काय केलं, तर ती गोष्ट जपून ठेवली. कशासाठी ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं.

महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयात वाचकांची बैठक असायची. वीस-पंचवीस माणसं, सतरंजी, चहा. त्या महिन्यात मालकांनी ‘भग्न चिलखत’ घेतलं आणि सुरुवातीलाच उभं राहून जाहीर केलं, "मंडळी, ह्या कादंबरीचे लेखक आपल्यातच आहेत." बोट माझ्याकडे.

आणि काय सांगू, पाच मिनिटांत अख्खं वाचनालय बदललं. ‘झोप लागली’वाले बँकेतले काका होते, अक्षर मी सहीवरून ओळखलं होतं. ते म्हणाले, "मी तर एका बैठकीत संपवली." सुबक अक्षरवाली म्हणाली, "सरदाराचं दुःख काळजाला भिडतं." मी मान खाली घालून ऐकत होतो, ती लाजून घातली आहे असं वाटावं म्हणून.

शेवटी बाई. मांडीवर कादंबरी, त्यावर खोडरबर. येताना पुन्हा कुणाचं तरी लिहिलेलं खोडत बसल्या असणार.

"तू लिहिलंयस होय? मग मघाचं सगळं ऐकून फुगू नकोस. हेच लोक शेवटच्या पानावर काय लिहितात ते मी दोनदा खोडलंय." मग त्यांनी पुस्तक उघडलं. "बाकी चंद्र-घोडे राहू देत. मला एकच सांग. हा माणूस सात वर्षांनी घरी आलाय. गावाने थुंकून घालवलेला. दारात उभा आहे. आणि तू काय लिहिलंस? ‘पत्नीने दार उघडले.’ पूर्णविराम. बायकोला एकच ओळ? आणि पुढे साडेतीन पानं दोन्ही चंद्रांचं चांदणं! ती काय बोलली? आत घेतलं की नाही? तुला ठाऊकच नाही, म्हणून तू आम्हाला चंद्र दाखवत बसलास. लग्न झालंय का रे तुझं?"

सगळे हसले. मघाशी काळजाला भिडलेलेही हसले. बँकेतल्या काकांना तर ठसका लागला.

चार वर्षांची कादंबरी त्या हसण्यात गेली, आणि ती कशाने गेली हे मला त्या क्षणी पुरतं कळलं होतं. बाईंचं म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर मी इतका चवताळलो नसतो.

"मला नसेल ठाऊक, बाई," मी म्हणालो. "पण तुम्हाला तर ठाऊक असणार. तुमच्या घरी एक बसलाच आहे ना, भिंतीकडे तोंड करून? तुम्हीच सांगा सगळ्यांना, मागच्या दाराने आत गेलेल्या माणसाला बायको जेवायला कसं वाढते."

कुणीतरी एकजण हसला आणि मध्येच थांबला. मालक सतरंजीकडे बघायला लागले. शेजारी गिरणीत कुणाचं तरी दळण चालू होतं.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मिनिटभर तरी फार बरं वाटलं. साठ पोरांना गप्प करणारी बाई मी गप्प केली होती.

बाईंनी पुस्तक मिटलं. रडल्या नाहीत, रडल्या असत्या तर मला माफी मागायला जागा मिळाली असती. उठल्या, कादंबरी पिशवीत घातली.

"हे राहू दे थोडे दिवस माझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. "पुढचं दे" म्हणाल्या नाहीत. खोडरबर सतरंजीवरच राहिला.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवला, परत करायच्या निमित्ताने जाऊ, माफी मागू, असं ठरवून. एकदा त्यांच्या इमारतीपर्यंत गेलोही. जिन्याच्या तीन पायऱ्या चढलो आणि उतरलो. वाचनालयात मात्र पुस्तकं भराभर फिरायला लागली आणि शेवटच्या पानांवर पेन्सिलीची जत्रा भरली. मालक खूश होते. माझी लाज त्यांनी कधी काढली नाही, मला ती कुणीतरी काढायला हवी होती.

महिनाभराने, मी नुकतंच शटर वर केलं होतं, तर पायरीखाली एक माणूस पाठमोरा उभा. पांढरा लेंगा-सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. चेहरा मी पाहिलेला नव्हता. पाठीवरून ओळखलं.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. वाचनालयात यायला कुणी असं विचारत नाही.

"या ना, या."

ते आत आले, कागद सोडवून कादंबरी काउंटरवर ठेवली, कागदाची घडी करून खिशात घातली. "हिनं पाठवलंय. उशीर झाला जरा. आम्ही गावाला जातोय, कायमचं. हिनं नोकरी सोडली."

"बाई नाही आल्या?"

"सामान बांधतेय." मग ते जरा वेळ कपाटांकडे बघत राहिले. "हे मीच ठेवून घेतलं होतं. दोनदा वाचलं. तुम्हीच लिहिलंत ना? हिनं सांगितलं."

मी मान हलवली. त्या रविवारचं बाईंनी त्यांना सांगितलं होतं की नाही, हे त्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

"तो शेवटी घरी जातो," ते म्हणाले, "तेवढं बरं केलंत."

माफीचे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी ड्रॉवर उघडला आणि खोडरबर त्यांच्या हातावर ठेवला. "बाईंचा राहिला होता." त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरले. रस्त्यावर माणसं होती. ते भिंतीच्या कडेकडेने गेले.

मी कादंबरीचं शेवटचं पान उघडलं. कोरं होतं. मग सरदार घरी येतो ते पान काढलं. बाईंनी वाचनालयाच्या पुस्तकात कधी साधं टिंब काढलं नव्हतं. इथे मात्र ‘पत्नीने दार उघडले’ ह्या ओळीपुढे, चौथीच्या पोरांना फळ्यावर लिहून देतात तशा वळणदार अक्षरात, निळ्या शाईने लिहिलं होतं:

‘आणि म्हणाली, पाय धुऊन घ्या. भात निवतोय.’